पहिल्यांदा ब्लूज-रॉक ऐकायला जाताय? मित्रांसाठी आणि मित्रांसोबत करायची तयारी

वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ आहे. मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारलेला. याच स्टुडिओत २०११च्या फेब्रुवारीत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचे गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेले. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातून आलेलं गाणं, आणि त्याला रॉकचा जोर मिळाला की ब्लूज-रॉक. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी जणांची ब्लूजशी समोरासमोर ओळख या फेस्टिव्हलमध्ये झाली. माझीही तिथेच झाली.

आम्ही चौघं गेलो होतो. एकाला गिटार येत होती, बाकीचे तिघं त्याच्या आग्रहाखातर. त्या संध्याकाळनंतर आमच्यातल्या दोघांना ब्लूजचं वेड लागलं ते आजतागायत टिकून आहे. एक मित्र मात्र तासाभरात बाहेर जाऊन बसला. आता हा मित्र काही संगीतातला अनोळखी माणूस नाही. दर डिसेंबरला सवाई गंधर्वला सगळे दिवस बैठक मारणारा, समेवर बरोबर मान हलवणारा. पण इथे काय ऐकायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या कानावर नुसता मोठा आवाज पडत राहिला. चूक आमची होती. हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे, आणि अशा मित्राला सोबत नेणाऱ्यांसाठी तर जास्तच.

कोण येणार आणि तिकीट कोण काढणार

तीन ते पाच जण असले की बरं पडतं. गर्दीत एकमेकांना सापडतात, परतताना फार तर दोन गाड्या लागतात. आठ-दहा जणांचा गट झाला की निम्मी संध्याकाळ फोनवर एकमेकांना शोधण्यात जाते.

तिकिटं एकानेच, एकाच वेळी काढावीत आणि पैसे त्याच दिवशी जमा करून टाकावेत. फेस्टिव्हलला एका दिवसाचं तिकीट आणि सगळ्या दिवसांचा पास असे दोन्ही प्रकार असतात. नव्या माणसाने एकच दिवस घ्यावा, आणि शेवटी वाजवणारा कलाकार ज्या दिवशीचा आवडला तो दिवस निवडावा. सलग दोन संध्याकाळी पाच-पाच तास उभं राहणं पहिल्या खेपेला जड जातं.

पैसे भरण्याआधी नियम वाचा: जागा बसून आहे की उभ्याने, वयाची अट काय आहे, एकदा बाहेर गेलं तर परत आत घेतात का. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. जिथे बार असतो तिथे दारावर ओळखपत्र मागतात, म्हणून आधार किंवा लायसन्स जवळ असू द्या. धाकट्या भावाला किंवा भाचीला न्यायचं असेल तर वयाची अट आधी बघा, दारातून परत पाठवलेलं लेकरू बघवत नाही.

आणि अनोळखी माणसाकडून मोबाइलवर आलेलं तिकीट घेऊ नका. एकच क्यूआर कोड चार जणांना विकता येतो, मग जो आधी पोचतो तोच आत जातो. आमच्या एका मैत्रिणीने असं तिकीट घेतलं होतं. दोन तास ती बाहेरच्या फुटपाथवर भिंतीला टेकून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकत होती.

आठवडाभर आधी: बारा पेरं मोजायला शिका

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं करा.

ब्लूजचा सांगाडा बहुतेक वेळा बारा बारचा असतो. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गाणं असो की गिटारचा सोलो, खाली हेच चक्र फिरत असतं. ते एकदा कानाला सापडलं की तो गोंगाट राहत नाही, त्यात रस्ता दिसायला लागतो.

मोजायची सोय आपल्या हातातच आहे. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एकूण बारा. अंगठ्याने आधी चारही बोटांची वरची पेरं मोजा, तर्जनीपासून करंगळीपर्यंत. हे पहिले चार बार. मग मधली चार पेरं, मग खालची चार. ड्रमरच्या दर चार ठोक्यांना अंगठा एक पेर पुढे सरकवायचा.

आता गंमत बघा. वरच्या चार पेरांवर गाणं आपल्या घरी असतं, म्हणजे षड्जावरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर). अंगठा मधल्या रांगेत तर्जनीवर आला की संगीत मध्यमावर जातं, दोन पेरं तिथे राहतं आणि मधल्या रांगेची उरलेली दोन पेरं परत घरी. खालच्या रांगेतली तर्जनी म्हणजे नववा बार. इथे पंचम येतो. ताण सगळ्यात जास्त इथेच असतो, गिटारवाला आपली सगळ्यात धारदार जागा बऱ्याचदा इथेच घेतो. दहाव्याला मध्यम, मग शेवटची दोन पेरं घरी, आणि करंगळीवर एक छोटं वळण, ज्याला वादक टर्नअराउंड म्हणतात. हे वळण सगळ्यांना ओढून पुन्हा पहिल्या पेरावर आणून सोडतं. तिहाई ऐकताना आपण जसे समेची वाट बघतो, तशीच वाट इथे बघायची असते.

काही गाण्यांत मध्यम दुसऱ्याच बारला येऊन जातो, काही गाणी आठ बारची असतात, काही तर एकाच कॉर्डवर घोळत राहतात. त्याने गोंधळू नका. बारा बार पक्के झाले की बाकीचे फरक आपोआप कळतात.

शब्दांची रचनाही याच तीन रांगांना धरून असते. गायक एक ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि तिसरी ओळ तिचं उत्तर देते. प्रत्येक ओळ साधारण दोन बारमध्ये संपते. मग उरलेले दोन बार कुणाचे? गिटारचे. गायकाने म्हटलेल्याला गिटार जबाब देते. गोंधळात किंवा पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात ना, तसं. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवतच नसत. ओळ संपली की त्यांची गिटार बोलायला लागायची, ती थांबली की ते पुन्हा गायचे. एकाच माणसाचे दोन आवाज.

ऐकायचं कोणाचं? बी. बी. किंग यांचं १९६४ साली शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण मिळवा. त्यात श्रोत्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, एकेका जागेवर माणसं कशी ओरडतात ते कळतं. मग मडी वॉटर्स. ते १९४३ साली मिसिसिपीहून शिकागोला आले आणि शहराच्या कोलाहलात ऐकू जावं म्हणून त्यांनी विजेवरची गिटार हाती घेतली. ब्लूज-रॉकची खरी मुळं या स्थलांतरात आहेत. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकल्या. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्समध्ये एरिक क्लॅप्टनने ॲम्प्लिफायरचा आवाज चढवून जे वाजवलं, तिथून ब्लूज आणि रॉक यांच्यातली भिंत पडायला लागली. त्यापुढे जिमी हेंड्रिक्स, मग टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन. आजच्या पिढीतला ऐकायचा तर १९९९ साली मिसिसिपीच्या क्लार्क्सडेलमध्ये जन्मलेला ख्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रॅम. आपल्याकडचा ऐकायचा तर शिलाँगचा सोलमेट. रूडी वॉलांग आणि टिप्रिती खारबंगार यांनी २००३ साली सुरू केलेला हा बँड मी तरी कधी चुकवत नाही.

रोज अर्धा तास, पेरं मोजत. आठवडा पुरतो. सोबत येणाऱ्या मित्रांनाही चार-पाच गाणी पाठवा. पन्नास गाण्यांची यादी पाठवलीत तर कुणी ऐकणार नाही.

ती गिटार रडते म्हणजे काय करते

तीन गोष्टी डोळ्यांनी बघता येतात. पहिली, बेंड. वादक तार पडद्यावर दाबून आडवी ढकलतो आणि सूर वर चढतो. सतारीवर मींड काढतात तीही तार आडवी ओढूनच. ब्लूजचा खास सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत असतो, पियानोवर ती पट्टीच नाही. गिटारवर मात्र बोटाच्या रेट्याने ती जागा मिळते. सवाईवाल्या मित्राला हे वाक्य जरूर सांगा, त्याचे कान लगेच टवकारतील.

दुसरी, स्लाइड. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवतात. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरतो, तसाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट मागे उभी असलेली पेटी, ॲम्प्लिफायर. ब्लूज-रॉकवाले बहुतेक जण अजून काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प वापरतात. त्या व्हॉल्व्हना झेपेल त्यापेक्षा जास्त रेटलं की ध्वनिलाटेचे शेंडे कापले जातात. सूर जाड होतो, थोडा खरखरतो आणि लांबपर्यंत टिकून राहतो. त्यामुळे एकाच सुरावर वादक चार-चार बार उभा राहू शकतो, जवळजवळ गळ्यासारखा.

आणखी एक बघायचं. मी एकदा मंचापासून दहा फुटांवर होतो. सोलो ऐन भरात असताना त्या गिटारवाल्याने उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या आवाजाच्या खुंटीला लावली आणि हळूहळू आवाज उतरवत नेला. बाकीची बोटं वाजवतच होती. ड्रमर काठ्यांऐवजी हाताने वाजवायला लागला. दीड-दोन हजार माणसं उभी होती आणि शेवटी नुसत्या तारेचा टिचका ऐकू येत होता. मागे कुणीतरी खोकलं ते सगळ्यांनी ऐकलं. मग त्याने करंगळी उलटी फिरवली. त्या क्षणाला छातीवर जे आदळलं ते कुठल्याही हेडफोनमध्ये मिळणार नाही. ज्याला ही करंगळी दिसली त्याला पुढची संध्याकाळ वेगळी ऐकू येते.

कान

यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तासच सोसावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. मोठ्या ब्लूज-रॉक मैफलीत स्पीकरच्या जवळ १०० डेसिबल सहज होतो, आणि आपण तिथे दोन-तीन तास असतो. एका खुल्या मैदानातल्या कार्यक्रमात मी हट्टाने स्पीकरसमोर उभा राहिलो होतो. दोन दिवस उजव्या कानात शिट्टी वाजत होती. रात्री उशीला कान लावला की ती अजून मोठी व्हायची. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, शंभर रुपयांच्या आत. ते वरवर कोंबू नका. बोळा दोन बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. वात आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. फोममुळे वरचे सूर जरा मंद होतात. संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले प्लग महाग असतात, पण त्यातून गिटारची चमक टिकते. वारंवार जाणार असाल तर तेच घ्या. गटासाठी दोन जोड्या जास्त ठेवा, कुणीतरी नक्की विसरतं.

बाकी सामान थोडकंच असू द्या. छोटी कमरेची पिशवी, ओळखपत्र, पूर्ण चार्ज केलेला फोन, थोडी रोख रक्कम. पाण्याची बाटली, मोठी बॅग, कॅमेऱ्याची लेन्स दारावर अडवतात. पायात जुने, सवयीचे बूट. नवे बूट घालून चार तास उभं राहू नका.

पोचल्यावर

वेळेवर पोचा. खुल्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असल्यामुळे असे कार्यक्रम सहसा संध्याकाळी लवकर सुरू होतात आणि वेळेत संपतात. नऊला मुख्य कलाकार येईल या भरवशावर राहिलात तर त्याचा निम्मा कार्यक्रम गेलेला असेल. शिवाय सुरुवातीचे बँड ऐकण्यासारखे असतात. मला आवडलेले दोन-तीन बँड मी असेच, रिकाम्या हॉलमध्ये, पहिल्यांदा ऐकले.

जेवण आधी उरका. मेहबूब स्टुडिओला जाणार असाल तर हिल रोडवरच एल्कोची पाणीपुरी आहे, आणि पोटभर खाण्याच्या जागाही भरपूर आहेत. आतलं खाणं महाग असतं आणि रांगेत एक अख्खं गाणं जातं.

आत शिरल्याबरोबर भेटायची एक जागा ठरवा, फोन लागत नाही असं गृहीत धरून. ‘बारजवळ’ असं मोघम नको. ‘दाराच्या डाव्या हाताचा दुसरा खांब’ असं पक्कं सांगा. ‘प्रत्येक बँड संपला की तिथे यायचं’ एवढं ठरलं की जो तो मोकळेपणाने फिरू शकतो.

उभं कुठे राहायचं? उत्तम आवाज ध्वनिसंयोजकाच्या मिक्सरच्या आसपास मिळतो, साधारण हॉलच्या मध्यावर. तो माणूस जे ऐकतो त्यावरच सगळं बेतलेलं असतं. अगदी पुढे गेलात तर वादकाच्या ॲम्पचा आवाज थेट अंगावर येतो आणि गाण्याचे शब्द हरवतात. पण बोटं बघायची असतील तर पुढेच जायला हवं. उजव्या हाताने वाजवणाऱ्या कलाकाराचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, म्हणून मंचाच्या उजव्या बाजूला उभे राहा. मी अर्धा कार्यक्रम पुढे, अर्धा मिक्सरजवळ असा वाटून घेतो. मुख्य कलाकाराचा शेवटचा अर्धा तास मात्र मिक्सरजवळच.

दाद द्या, मोकळ्या मनाने

पाश्चात्त्य संगीत म्हणजे शांत बसून शेवटी टाळ्या, असं काहीजण समजतात. ब्लूज तसं नाही. ते दारूच्या गुत्त्यांत, नाचत्या माणसांत वाढलेलं गाणं आहे. जागा आवडली की तिथल्या तिथे ओरडा. ‘वाह’ म्हणा, चालतं. वादकाला ते हवं असतं, तो आपल्याशी बोलतच असतो. बडी गाय तर वाजवता वाजवता मंचावरून उतरून थेट माणसांत येत, ही त्यांची जुनी रीत. कलाकार असा गर्दीत आला तर वाट द्या आणि अंगाला हात लावू नका.

फक्त आवाज उतरलेला असेल तेव्हा गप्पा मारू नका. शेजाऱ्यांसाठी तो क्षण परत येत नाही. फोनवर एक गाणं टिपलंत तर कुणी काही म्हणणार नाही, पण हात डोक्याच्या वर नेऊ नका, मागे कुणीतरी बुटकं उभं असतं.

टाळी वाजवताना एक लक्षात ठेवा. आपण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी द्यायला सरावलेले असतो. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, ड्रमरच्या स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, ठोका तिथेच पडतो. हात त्याच्यासोबत पडले की अंग आपोआप हलायला लागतं.

तो बाहेर जाऊन बसलेला मित्र दोन वर्षांनी पुन्हा आमच्यासोबत आला. या वेळी लोकलमध्ये ठाण्यापासून दादरपर्यंत मी त्याला पेरं मोजायला शिकवलं होतं. तिसऱ्या गाण्याला मी त्याच्याकडे बघितलं तर डोळे मिटलेले, अंगठा बोटांवर फिरतोय. नवव्या बारला गिटारवाल्याने तो मधला गंधार ताणून धरला आणि हा सवाईत घेतात तसा हात हवेत उचलून ‘क्या बात है’ म्हणाला. शेजारची परदेशी बाई वळून त्याच्याकडे बघून हसली आणि तिनेही हात वर केला.

कुणाला खरंच नाही आवडलं तर अडवू नका. त्याला बाहेर मोकळ्या हवेत बसू द्या, अधूनमधून जाऊन या.

परतताना

शेवटच्या लोकलची वेळ आदल्या दिवशीच एम-इंडिकेटर ॲपवर बघून ठेवा. कार्यक्रम संपला की सगळेच एकदम रिक्षा शोधतात, म्हणून पाच-दहा मिनिटं चालत मुख्य रस्त्यापासून दूर गेलात तर वाहन लवकर मिळतं. वांद्र्याहून दक्षिणेला रिक्षा जात नाहीत, माहीमच्या अलीकडेच थांबतात. तेव्हा दादरला जायचं असेल तर टॅक्सी किंवा लोकल धरा. पुण्याहून येणाऱ्यांनी परतीचं बसचं तिकीट जरा उशिराचं काढावं, नाहीतर जादा गाणं सुरू असताना घड्याळ बघत बसावं लागतं. प्यायलेल्या माणसाच्या हाती गाडी द्यायची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

घरी आल्यावर लगेच हेडफोन लावू नका. कानांना निदान एक रात्र आणि एक दिवस शांतता द्या. थोडी शिट्टी वाजत असेल तर ती सहसा एक-दोन दिवसांत ओसरते. त्यापुढे राहिली, किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, उशीर झाला की उपचारांचा उपयोग कमी होत जातो.